चिल्ल्याला बसलेली बॅटरी

"बाई, रिकाम्या बसल्यावर तुम्ही काय करता?"

खोली भाड्यानं मागायला गेले तेव्हा घरमालकानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, माणसं किती तेही विचारलं नाही. त्याआधी मी कळंबमधली तीन घरं पालथी घातली होती. एकट्या मास्तरणीला खोली द्यायची म्हटलं की प्रत्येकाच्या घरी नेमका कुणीतरी पाहुणा कायमचा राहायला येणार असायचा. डोकं तापलेलंच होतं. म्हटलं, "भांडते." त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, चष्म्यावरून माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "मग ऱ्हावा."

पुढं कळलं, हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत. शेजारच्या गिरणीवाल्यानं जावई बघायला बोलावलं तेव्हा यांनी त्या बिचाऱ्या मुलालाही हेच विचारलं होतं, आणि तो घाम पुसत बसला होता. काम करताना माणूस कसा असतो ते सगळ्या गावाला दिसतं, काहीच करत नसताना तो कसा राहतो ते बघितलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. माणसाला लावत तोच नियम ते बॅटरीला लावत. खरं तर आधी बॅटरीला, मग माणसाला.

कळंबात त्यांना सगळे उस्ताद म्हणत. नाव होतंच की, पण ते मी इथं लिहीत नाही. त्यांना स्वतःलाही ते वर्षातून एखाद्या वेळी, सरकारी कागदावर सही करताना लागायचं. धंदा बॅटऱ्या भरून द्यायचा. आता कुणाला सांगून पटत नाही, पण त्या वेळी खेड्यांत वीज नव्हती आणि ग्रामपंचायतीचा रेडिओ बॅटरीवर चालायचा. पंधरा-वीस दिवसांनी ती उतरली की कुणीतरी तिला पोत्यात गुंडाळून, दोरीनं बांधून, एसटीत मांडीवर घेऊन कळंबला यायचा. तिकडून येरमाळ्याची, इकडून तेरच्या बाजूची, अशा बॅटऱ्या उस्तादांच्या दुकानात ओळीनं बसलेल्या असत. दुकान गिरणीला खेटून. गिरणीच्या इंजिनावरून एक पट्टा भिंतीच्या भोकातून इकडं आलेला होता आणि त्यावर उस्तादांचा डायनामा फिरायचा. तिकडं बायकांचं दळण चालू असलं की इकडं बॅटऱ्या भरायच्या. सण जवळ आला, दळणं वाढली, की रेडिओवाल्यांची चांगली चंगळ व्हायची.

दुकानाच्या मागं अंगण, अंगणाच्या एका अंगाला उस्तादांचं घर आणि दुसऱ्या अंगाला माझी खोली. घरात ते आणि चाची, दोघंच. चाचींची एकच तक्रार होती आणि ती त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितली: "या माणसाला नवा कपडा घालायचा म्हंजी चाळणीला झालर लावायची." ते खरंच होतं. बॅटरीतल्या तेजाबाचे थेंब उडून त्यांच्या सदऱ्याला, पायजम्याला, अगदी टोपीलाही बारीक भोकं पडलेली असत. ईदच्या दिवशी पांढरा शुभ्र जोड घालून नमाजला जाऊन आले की, "एकच बॅटरी बघून येतो," म्हणत दुकानात शिरायचे आणि शीरखुर्मा प्यायला बसेपर्यंत नव्या सदऱ्याला जुना करून आणायचे.

बॅटरी मेली असं कुणी म्हटलेलं त्यांना चालत नसे. "मेली म्हणू नका. थकली म्हणा. बघू काय करायचं ते." टॉर्चचे सेल मात्र त्यांना अजिबात सहन व्हायचे नाहीत. आमच्याकडं सगळेच लोक उतरलेले सेल उन्हात वाळत घालतात आणि पुन्हा टॉर्चमध्ये घालतात, मिणमिण उजेड पडला की खूश. उस्तादांच्या अंगणात एकदा माझे दोन सेल वाळताना त्यांना दिसले. त्यांनी ते उचलून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या. पापड वाळवा, वड्या वाळवा, हे काय वाळवता?" मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम तिथंच पापड घातले, आणि त्यांनी येता-जाता एकेक उचलून दुपारपर्यंत निम्मे संपवले.

येरमाळ्याकडच्या एका गावची बॅटरी आली होती, ती गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. तिथल्या देवीची चैत्रातली यात्रा नुकतीच झालेली. दोन गावकरी आले, बॅटरी खाली ठेवली आणि चपला काढून उभे राहिले. बॅटरी भरून नेऊन चारच दिवस झाले होते आणि रेडिओ गप्प. उस्तादांनी वरची बुचं काढली, वास घेतला, आत काचेची नळी घालून पाणी ओढलं. त्या नळीत एक काटा तरंगायचा. पाण्यात जोर असेल तर काटा वर, नसेल तर खाली. तिला ते तराजू म्हणायचे. त्या दिवशी काटा तळाला जाऊन बसला.

"हिच्यात काय घातलं?"

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी एक म्हणाला, "तुमीच म्हनला होता, पाणी कमी झालं की घाला म्हणून. आमी म्हनलं, सादं घालण्यापरीस आईचं तीर्थ घालावं."

मी दारात उभी होते, मला हसू आवरेना. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी चाचींकडून पापडखार मागवला, चिनीमातीच्या भांड्यात ते सगळं पाणी काढलं आणि त्यात चिमूट चिमूट खार टाकत फेस शांत होईपर्यंत बसून राहिले. म्हणाले, "तीर्थ हाय. गटारीत टाकता येत न्हाय, आन् तेजाबासंगं जमिनीत ओतलं तर जमीन जळंल." फेस बसल्यावर मागच्या मोकळ्या जागेत खड्डा करून त्यांनी ते पाणी त्यात सोडलं, वर माती लोटली. मग त्या दोघांना समोर बसवून अर्क काढायचं आपल्या वडिलांचं काचेचं भांडं दाखवलं. वडील हकीम होते. औषधाचा अर्क काढायच्या त्या भांड्यात उस्ताद बॅटरीसाठी वाफेचं पाणी काढत. "माणसाला तीर्थ पाजा. हिला हे. हिला चव न्हाय, वास न्हाय, मीठ न्हाय. हिला असंच लागतंय." ते दोघं त्या पाण्याची बाटली पोटच्या मुलासारखी जपत घेऊन गेले आणि पुढं वर्षभर त्या गावची बॅटरी वेळेच्या आधी कधी आली नाही.

आता चिल्ल्याचं सांगते, कारण त्यावरूनच आमचं भांडण झालं.

फकीर चाळीस दिवस एकांतात बसतात, त्याला चिल्ला म्हणतात. उस्ताद बॅटरीला चिल्ल्याला बसवत. दुकानाच्या आतल्या बाजूला, ऊन येत नाही अशा कोपऱ्यात एक दगडी फळी होती. बॅटरी पूर्ण भरायची, तराजूनं मोजायची, भिंतीवर खडूनं काटा कुठं होता ते लिहायचं आणि तिला त्या फळीवर ठेवून द्यायचं. चाळीस दिवस कुणी तिला हात लावायचा नाही. एकेचाळिसाव्या दिवशी पुन्हा मोजायचं. सोलापूरचा एक विक्रेता चकचकीत काळी बॅटरी घेऊन आला होता. ती किती जोराची आहे ते दाखवायला त्यानं दोन तारा एकमेकींना लावून ठिणग्या उडवून दाखवल्या, आणि गिरणीतल्या बायका मागं सरकल्या. उस्ताद म्हणाले, "झालं? आता ही ठेवून जावा आन् चाळीस दिवसांनी या." विक्रेता म्हणाला, "अहो, चाळीस दिवस काय करणार हिचं?" उस्ताद म्हणाले, "काहीच न्हाय. तेच तर बघायचंय." तो गेला. बॅटरी मात्र ठेवून गेला, आणि ती या गोष्टीत पुढं येणार आहे.

माझी आई तेरहून माझ्याकडं राहायला आली होती. वडील गेलेले, थोरला भाऊ, म्हणजे दादा, शेती बघायचा. मी नोकरी करते हे गावात कुणाला फारसं रुचलेलं नव्हतं, आणि दादालाही नाही. आई माझ्यासोबत आहे या एका गोष्टीवर माझी नोकरी तगली होती. आणि शाळा उघडल्यावर दुसऱ्याच महिन्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. डोकं शाबूत, समज शाबूत, हट्ट तर दुप्पट, पण आवाज इतका बारीक झाला की अगदी जवळ गेल्याशिवाय ऐकू येईना. वहिनी महिनाभर येऊन राहिली. मग दादा आला, म्हणाला, "हिचं घर तिकडं हाय. हितं तू शाळंत गेल्यावर आईला काय झालं तर कुणाला कळणार? तिला हाक मारता येत न्हाय. संक्रांतीपर्यंत बघ काय सोय होती का. न्हाय झाली तर आईला नेतो, आन् एकटीला तुला हितं ठेवणार न्हाय. तू बी चल."

दादा दुष्ट नव्हता. त्याचं म्हणणं चुकीचंही नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला. नोकरी गेली असती तर मी तेरात बसून दुसऱ्यांच्या मुलांची बाराखडी चुलीपुढं ऐकली असती. ते मला नको होतं, आणि ते मी तेव्हाही कुणापासून लपवलं नाही.

मी उस्तादांकडं गेले. म्हटलं, आईच्या डाव्या हाताशी एक बटण आणि तुमच्या दुकानात घंटी, असं काही करता येईल का? उस्ताद म्हणाले, "घंटी आज करतो. बॅटरी आज न्हाय."

"का? एवढ्या ढिगानं पडल्यात."

"त्या रेडिओच्या. रेडिओ रोज खातोय, त्याची बॅटरी पंधरवड्याला हितं येती, तिची तब्येत मला कळती. घंटीची बॅटरी कुठंच जायची न्हाय. तिला काम किती? सहा महिन्यातनं एकदा, ते पण घटकाभर. बाकी सगळा वेळ ती नुसती बसणार. आन् बाई, बॅटरी वापरून संपती हे सगळ्यांना ठाऊक हाय. ती बसून बसून पण संपती. कुणी काय घेतलं न्हाय, तरी आतल्या आत रिकामी. ज्या दिवशी आक्का बटण दाबतील त्या दिवशी ती रिकामी निघाली तर?"

"मग टॉर्चचे सेल लावा."

"ते तर कधी गेले ते सांगत पण न्हाईत. हिच्यात तराजू बुडवला की ही खरं बोलती."

त्यांनी फळीवर तिघींना बसवलं. एक सोलापूरवाल्याची चकचकीत काळी. एक रेडिओची नेहमीची. आणि तिसरी म्हणजे लोणच्याच्या बरण्यांएवढ्या तीन काचेच्या बरण्या, आत जाडजूड प्लेटा. निजामाच्या अमदानीत कुठल्याशा बंगल्यावर घंट्यांसाठीच वापरात होत्या म्हणे, नंतर भंगारात निघाल्या आणि उस्तादांनी उचलून आणून धुऊन-पुसून ठेवल्या होत्या. भिंतीवर खडूनं तीन आकडे लिहिले आणि म्हणाले, "बसल्या."

मी भडकले. अक्षरशः दुकानात उभी राहून भांडले. म्हटलं, तुमचा चिल्ला होईपर्यंत माझी आई काय करणार? वहिनी उद्या गेली की परवापासून तिच्याजवळ कोण? तुम्हाला बॅटऱ्यांची काळजी, माणसाची नाही. काळी लावा, नवी कोरी आहे, चाळीस दिवसांनी काय बदलायची ती बदला. ते शांतपणे सगळं ऐकत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "चुकीची लावली तर तुम्ही निर्धास्त होऊन शाळंत जाल. त्यापरीस काहीच नसलेलं बरं, निदान जीव लागून तरी ऱ्हातोय. आन् चाळीस दिवस आक्काजवळ कोण ते मी बघतो."

वहिनी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर उस्ताद आईच्या खाटेलगतच्या खिडकीखाली, अंगणात, एका खोक्यावर बसलेले. खिडकीकडं पाठ. पुढ्यात बॅटरी, ब्रश, ग्रीसचा डबा. आईच्या डाव्या हाताशी वाजवायला पितळेचं ताट आणि चमचा ठेवलेला. "तिघी चिल्ल्याला बसल्यात," म्हणाले, "मी चौथा."

चाळीस दिवस तो माणूस तिथं बसला. मी शाळेतून येईपर्यंत उठायचा नाही. नमाजच्या वेळेला चाची खोक्यावर येऊन बसायच्या, ते परत आले की उठायच्या. दुकानाची सगळी गिऱ्हाइकं आमच्या अंगणात यायला लागली. बॅटऱ्या खिडकीखाली, पोती खिडकीखाली, गावोगावचे लोक खिडकीखाली. आईला पहिले दोन दिवस अवघड वाटलं, तिसऱ्या दिवशी ती त्यांना सल्ले द्यायला लागली. उस्ताद हैदराबादचा उर्दू पेपर वाचायचे आणि पाठमोरेच तिला मराठीत सांगायचे. आई बारीक आवाजात काहीतरी बोलायची, आणि ते ऐकू यावं म्हणून उस्ताद मान मागं कलवायचे. पंधराएक दिवसांनी मी शाळेतून आले तर दोघं ज्वारीवर वाद घालत होते. आई म्हणत होती, "भाऊ, तुमाला त्येजाबातलं कळतंय, ज्वारीतलं न्हाय." मला आवाज न करता दारातच थांबावंसं वाटलं. झटका आल्यापासून आई पहिल्यांदाच कुणाशी भांडत होती.

एकेचाळिसाव्या दिवशी मी शाळेत अर्धी रजा टाकली. उस्तादांनी आधी काळीत तराजू घातला. काटा निम्म्यावर आला होता. ठिणग्या उडवणारी ती बाई, नुसती बसून निम्मी रिकामी झाली होती. रेडिओची तिच्यापेक्षा बरी. काचेच्या बरण्यांतला काटा खडूच्या खुणेच्या जरा खाली, इतकाच. उस्तादांनी तिन्ही बरण्यांत काटा दोन-दोनदा बघितला. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हिला जोर कमी हाय, बाई. मोटार हिच्यावर सुरू व्हायची न्हाय. पण हिच्या पोटात जे ठेवलंय ते ऱ्हातंय." मी काळी बॅटरी लावा म्हणून ओरडले होते, ते त्यांनी तेव्हाही काढलं नाही आणि नंतरही कधी नाही. मीच आपणहून म्हटलं, "चुकले." ते म्हणाले, "हं," आणि तार सोडायला बसले.

घंटीला सायकलच्या घंटीची वाटी बसवली होती. गिरणी चालू असतानाही ऐकू जाईल इतका कर्कश आवाज. लावताना एकदा वाजवून बघितली तेवढीच. त्यानंतर उस्तादांचा हुकूम, की बघण्यासाठी, दाखवण्यासाठी, गंमत म्हणून, कुणीही बटण दाबायचं नाही. दर शुक्रवारी नमाज करून आले की ते बरण्यांत तराजू बुडवायचे आणि भिंतीवर खूण करायचे. बास.

आणि आईनं ते बटण दाबलं नाही. तहान लागली तरी नाही, उशी घसरली तरी नाही. मी रागवायची. ती म्हणायची, "म्या काय हाटेलातलं गिऱ्हाईक हाय का, घंटी वाजवून मानूस बोलवायला?" उस्ताद म्हणायचे, "आक्का, अडचण आली की दाबा. तेवढं कबूल करा." आईनं मान हलवून कबूल केलं. दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत आली. चार महिने घंटी गप्प.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी दादा आला. शनिवारची शाळा सकाळची, त्यामुळं मी घरी होते. आईला भेटून, तिळगूळ देऊन तो म्हणाला, "चल, बघू तुझी सोय." आम्ही दोघं दुकानात गेलो. गिरणी जेवणासाठी बंद झालेली, सगळीकडं शांत. उस्ताद नरसाळं हातात धरून एका बॅटरीत वाफेचं पाणी घालत होते.

"हीच का घंटी?" दादानं विचारलं.

"हीच."

"वाजती का?"

"वाजंल."

"शेवटची कधी वाजली?"

"बसवली तवा."

दादा हसला. "चार महिने गप्प हाय, आन् तुमी म्हणता वाजंल. एकदा दाबून दाखवा की."

"न्हाय दाखवायचो," उस्ताद म्हणाले.

मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. पण त्यांनी नरसाळं तसंच धरून, न चिडता पुढं सांगितलं, "ही वाजली की मी हातातलं टाकून पळणार. आज तुम्हाला दाखवायला वाजली, उद्या आणिक कुणाला दाखवायला वाजली, की तिसऱ्या वेळंला मी आधी हातातलं काम उरकणार आन् मग उठणार. तेवढा वेळ आक्कांच्याजवळ नसंल तर? तराजू बघा, खुणा बघा. दर शुक्रवारची खूण हाय भिंतीवर."

"भिंतीवरच्या रेघांवर मी माझी माय सोडून जाऊ व्हय?"

मी मधे पडले. म्हटलं, "उस्ताद, एकदाच. माझ्यासाठी." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "बाई, तुम्ही पण?" एवढंच म्हणाले. त्या क्षणी मला त्यांचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नसेल. चाळीस दिवस खिडकीखाली बसलेला माणूस, आणि एका बटणासाठी माझी नोकरी घालवायला निघाला होता.

दादानं खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. म्हणाला, "झालं तर मग. सोमवारी राजीनामा लिहून दे. बुधवारी गाडी घेऊन येतो, दोघीला नेतो. यात तुझा काय दोष न्हाय, सोय झाली न्हाय, एवढंच."

आणि घंटी वाजली.

उस्तादांच्या हातातलं नरसाळं खाली पडलं. चपला राहिल्या, चष्मा नाकावरून घसरून दोरीला लोंबला, आणि साठीच्या घरातला तो माणूस अनवाणी अंगण ओलांडून पळाला. मी मागं, दादा माझ्या मागं. घंटी थांबायला तयार नव्हती. दारात चाची आधीच पोचल्या होत्या.

आई खाटेवर बसलेली, भिंतीला टेकून. चेहरा शांत. डावा अंगठा बटणावर गच्च.

"आक्का, आलो. सोडा आता," उस्ताद धापा टाकत म्हणाले. तिनं अंगठा काढला. "काय झालं? कुठं दुखतंय?"

आईच्या बारीक आवाजासाठी आम्ही सगळे वाकलो. गिरणी बंद होती, अंगणापलीकडचं आमचं सगळं बोलणं तिला ऐकू गेलं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"मला काय बी झालं न्हाय," ती म्हणाली. "माझ्या लेकीची नोकरी घालवायला लागलेत. तुमीच म्हनला होता भाऊ, अडचन आली की दाबा."

उस्तादांनी दोरीला लोंबणारा चष्मा परत नाकावर चढवला. मला भीती वाटली, आता हे म्हणणार, खोटी वाजवली. त्यांनी टोपी सरळ केली.

"बरोबर दाबली, आक्का," ते म्हणाले.

आई दादाकडं वळली. एकेक शब्द जुळवून बोलायला तिला वेळ लागायचा, पण त्या दिवशी कुणी तिला घाई केली नाही. "म्या दाबलं, मानूस आलं. तू बघितलं. तेरात तुमी समदी ज्वारी काढाय रानात गेल्यावर, मला तहान लागली तर कोन येतंय?"

दादा खाटेच्या कडेला बसला, तिच्या हाताजवळचं ते बटण बघत राहिला, दाबलं मात्र नाही. मग हळूच म्हणाला, "म्हंजे वाजती म्हना."

चाचींनी त्याला जेवायला बसवलं. चारच्या एसटीनं तो निघाला तेव्हा राजीनाम्याचं नाव निघालं नाही. दुकानावरून जाताना थांबला आणि जरा ओशाळून म्हणाला, "उस्ताद, आमच्या तेरच्या रेडिओची बॅटरी लई लवकर उतरती. बघता का?"

"आणा," उस्ताद पडलेलं नरसाळं धूत म्हणाले. "चाळीस दिवस लागतील."

त्या शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं, शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली आज कुठं कुठं आहेत हे कुणी विचारलं तर मी बोटं मोजत बसत नाही, मान ताठ करून सांगायला लागते आणि समोरचा कंटाळेपर्यंत थांबत नाही. निरोपाच्या समारंभात लोकांनी माझ्याबद्दल बरंच चांगलं बोलून घेतलं. माझी बोलायची पाळी आली तेव्हा मी निम्मा वेळ बॅटऱ्या भरून देणाऱ्या एका माणसाबद्दल बोलले. तोवर उस्ताद राहिले नव्हते. चाची पुढच्या रांगेत बसून पदरानं डोळे पुसत होत्या आणि शेजारणीला सांगत होत्या, "सदरे मात्र लई फाडले हो."

झटक्यानंतर आई सहा वर्षं जगली. त्या सहा वर्षांत तिनं ते बटण तीनदा दाबलं. तिन्ही वेळा घंटी वाजली, आणि तिन्ही वेळा उस्ताद अनवाणी पळत आले. दोनदा आईच्या जिवासाठी. पहिल्यांदा माझ्यासाठी.